माल पाहून घेणारा कोण?



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाळूजच्या कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तेव्हा मी शास्त्र सांगणार नाही. सरकारी खरेदीचा साधा हिशेब मांडणार आहे.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा दिसले की दोष एका पुरवठादाराचा नव्हता. खरेदी, तपासणी, औषध प्रशासन, थेट मंत्र्यापर्यंत साखळीच किडली होती.

अशा वेळी ‘तळे राखील तो पाणी चाखील’ म्हणून आपण मोकळे होतो. पण माणसाचा लोभ तर सर्वत्र सारखाच. मग तो सरकारी खरेदीतच एवढा का माजावा?

मोंढ्यात आपण ज्वारी घेतो तेव्हा दाणे तळहातावर घेऊन पाहतो. पैसा आपला, पोटही आपले. सरकारी खरेदीत पैसा जनतेचा, सही अधिकाऱ्याची आणि वापर तिसऱ्याच गरिबाचा. हे तिघे एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्या मधल्या जागेत टक्केवारी राहते.

दुसरे कारण थकलेली बिले. प्रत्येक टेबलावर बिल अडते, म्हणून प्रामाणिक व्यापारी कंटाळून जातो. उरतो तो टक्केवारी आधीच हिशेबात धरणारा. दर तर सर्वांत कमी द्यायचा. मग तो काटकसर करतो मालात. तिसरे कारण मार्चअखेर. निधी परत जाईल या धास्तीने गरज न पाहता खरेदी उरकली जाते.

एकदा एका कार्यालयाने आमच्या सफाई कामगारांना हातमोजे दिले. तीन दिवसांत बोटे बाहेर आली. कागदावर मात्र ‘माल नमुन्यानुसार’ असा शेरा होता, आणि त्याखालची सही आमच्याच एका सभासदाची होती. त्याची नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो. ज्यांचे हात चिरले तेही आमचेच सभासद होते. ते मौन मला आजही बोचते.

आता ई-निविदा आहे. २०१६ पासून सरकारची जेम ही ऑनलाइन बाजारपेठही आहे. हे चांगलेच झाले. त्यामुळे दर उघडा पडतो. पण संगणक मोजा ओढून पाहत नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. तेथे औषधांचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावरच माल रुग्णालयांना जातो. हे आपल्याच देशात जमले आहे.

माझी मागणी लहान आहे. माल उतरताना वापरणाऱ्याचा प्रतिनिधी गोदामात हजर असावा आणि त्याच्या सहीवाचून बिल निघू नये. मग ती सही खोटी निघाली, तर युनियननेही तिला पाठीशी घालू नये. हे आधी मी माझ्या संघटनेला सांगतो, मगच सरकारला.