बोएदोच्या मैदानाचा सातबारा

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अर्थशास्त्राच्या निवृत्त मास्तराने अभ्यासवर्गात फुटबॉलच्या मैदानावर बोलावयास उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मी या खेळाचा जाणकार नाही. १९८६ साली रात्री जागून दूरदर्शनवर माराडोना पाहिला, एवढेच माझे भांडवल. परंतु जमिनीचा भाव कसा वाढतो, वाढलेला भाव कोणाच्या खिशात जातो, आणि ज्यांचे काही गेले त्यांच्या आठवणीला बाजारात मोल का नसते, हे प्रश्न मी वर्षानुवर्षे वर्गात मांडीत आलो. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनॉस आयर्समध्ये, पाडल्या गेलेल्या एका मैदानाच्या हकीकतीत हे तिन्ही प्रश्न एकत्र सापडतात. म्हणून आज ती हकीकत.

क्लबचे नाव सान लोरेन्सो. १९०८ साली रस्त्यात चेंडू खेळणारा एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला, आणि ते पाहून लोरेन्सो मासा नावाच्या पाद्र्याने त्या पोरांना चर्चच्या आवारात खेळावयास जागा दिली. अट एकच, की रविवारी प्रार्थनेस यावयाचे. पाद्र्याच्या काळ्या झग्यावरून या क्लबच्या चाहत्यांना ‘कावळे’ हे नाव पडले आणि ते त्यांनी अभिमानाने मिरविले. १९१६ मध्ये बोएदो वस्तीत, ला प्लाता नावाच्या हमरस्त्यावर, क्लबचे स्वतःचे मैदान झाले. पुढे त्याभोवती लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्यांच्या पायऱ्या चढत गेल्या. बाहेरून ते शहराच्या गॅस कारखान्यातील टाक्यांसारखे दिसे, म्हणून लोकांनीच त्याचे नाव ठेविले ‘गासोमेत्रो’, म्हणजे गॅसची टाकी. सुमारे पंचाहत्तर हजार माणसे त्यात मावत. १९३८ मध्ये रिव्हर प्लेट क्लबचे काँक्रीटचे स्टेडियम उभे राहीपर्यंत देशात याहून मोठे मैदान नव्हते.

ही वस्ती कोणती, हेही सांगितले पाहिजे. इटली-स्पेनमधून पोटासाठी आलेल्या कामगारांची, कारागिरांची, लहान दुकानदारांची ही वस्ती. १९२० च्या दशकात श्रमिकांच्या जीवनावर लिहिणाऱ्या डाव्या लेखकांच्या गटाला ‘बोएदो गट’ हेच नाव होते. ‘क्लारिदाद’ या प्रकाशनसंस्थेने स्वस्त पुस्तके काढून त्यांचे लेखन कामगारांच्या हाती दिले. सुखवस्तू भागातील ‘फ्लोरिदा’ गटाशी त्यांचा वाद चाले. आपल्याकडील ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादाची आठवण करून देणारा तो प्रसंग आहे, पण त्यात शिरलो तर मैदान बाजूलाच राहील.

आपण क्लब म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जिमखाना येतो, साहेबी थाटाचा. अर्जेंटिनातील क्लब तसा नव्हे. कायद्याने ती सभासदांची संस्था असते. महिन्याची वर्गणी भरणारा प्रत्येक जण सभासद, सभासदांच्या मताने अध्यक्ष, सर्वसाधारण सभेपुढे हिशेब. आपल्या सहकारी संस्थेची घटना डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नेमके कळेल. सामना आठवड्यातून एक. उरलेले दिवस तेच आवार वस्तीचे अंगण असे. तेथे बास्केटबॉल चाले, ग्रंथालय होते, आणि कार्निव्हलच्या रात्री तर सारी वस्ती नाचावयास तेथे लोटे. किती लग्ने त्या नाचात ठरली हे मोजणारा अर्थशास्त्रज्ञ अद्याप जन्मावयाचा आहे.

जुन्या चाहत्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते, ती पायांखालच्या लाकडाची. गोल झाला की हजारो माणसे एकदम उडी मारीत, आणि फळ्यांतून तो हादरा प्रत्येकाच्या तळपायांतून वर चढे. काँक्रीटच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ते सांगून कळणार नाही. दुसरी आठवण बापाची. बहुतेक जण प्रथम तेथे गेले ते बापाचा हात धरून. अशा मुलांपैकी एक होर्खे बेर्गोग्लिओ, जो पुढे पोप फ्रान्सिस झाला. १९४६ च्या विजेत्या संघाचे घरच्या मैदानावरचे सामने आपण चुकविले नाहीत असे तो सांगे, आणि रेने पोन्तोनी याचा त्या वर्षीचा एक गोल पोपपदी बसल्यावरही त्याला आठवत होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो निवर्तला, तोवर क्लबचा सभासद होता. धर्मगुरूंच्या राजकारणाशी आपले कितीही मतभेद असोत, या ठिकाणी तो बोएदोच्या लाकडी पायरीवरचा एक पोरगा आहे.

आता दुसरी बाजू. मार्च १९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. मानवी हक्क संघटनांच्या गणतीप्रमाणे तीस हजार माणसे नाहीशी केली गेली. याच राजवटीने १९७८ ची विश्वचषक स्पर्धा भरविली. अंतिम सामना झाला त्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर नौदलाच्या प्रशालेत छळछावणी चालू होती. स्पर्धेवर पन्नास कोटी डॉलर्सहून अधिक खर्च झाला. हुआन आलेमान हा राजवटीचाच वित्तसचिव. त्याने या उधळपट्टीवर जाहीर टीका केली. पेरूविरुद्धच्या सामन्यात अर्जेंटिनाने चौथा गोल केला, त्या सुमारास त्याच्या घरावर बाँब फुटला. तो कोणी ठेविला हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु अंदाजपत्रकावरील चर्चेचे हे रूप मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

या राजवटीने राजधानीचा कारभार ब्रिगेडियर काच्चियातोरे यांच्या हाती दिला. वस्त्या फोडून उन्नत महामार्ग काढणे आणि झोपडपट्ट्या उठवून गरिबांना शहराबाहेर घालविणे, ही त्यांची शहरसुधारणा. सान लोरेन्सो त्या वेळी कर्जात बुडालेला होता आणि त्याचे पुढारी दुबळे होते. हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण घराची कडी आतूनच सैल असली की चोराचे काम सोपे होते. नगरप्रशासनाचे म्हणणे असे, की मैदानातून रस्ते काढावयाचे आहेत, घरे बांधावयाची आहेत. सार्वजनिक हिताचा हा कागद पुढे सरकविला गेला. २ डिसेंबर १९७९ रोजी बोका ज्युनियर्सविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि त्यानंतर तेथे साखळी सामना झाला नाही. शेवटचा सामना म्हणून तो कोणी जाहीर केलेला नव्हता. माणसे नेहमीप्रमाणे घरी गेली. पुढच्या काही वर्षांत पायऱ्या उतरविल्या गेल्या, लोखंड गेले, फळ्या गेल्या.

जमीन नऊ लाख डॉलर्सच्या आसपास विकली गेली असे नमूद आहे. त्यानंतर तिच्या वापराचे नियम बदलले. रस्ते निघाले नाहीत, घरे झाली नाहीत. १९८० च्या दशकाच्या मध्यास तेथे कारफूर या फ्रेंच कंपनीचे अजस्र दुकान उघडले, आणि त्या व्यवहारातील जमिनीचा आकडा ऐंशी लाख डॉलर्सच्या घरातील सांगितला जातो. मित्रहो, या दोन आकड्यांच्या मध्ये कोणी एक वीट रचली नव्हती. जॉन स्टुअर्ट मिलने जमीनमालकाच्या ज्या न कमावलेल्या वाढीवर कर बसविण्यास सांगितले, ती हीच. ला प्लाता रस्त्यावरच्या त्या तुकड्याला मोल आणले कोणी? साठ वर्षे तेथे येणाऱ्या माणसांनी, त्यांच्यासाठी धावणाऱ्या ट्रामने, भोवती वाढलेल्या वस्तीने. मोल निर्माण केले त्यांनी आणि वाढ उचलली कागद फिरविणाऱ्यांनी. गिरणगावात काम केलेल्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

क्लब त्यानंतर भाड्याच्या मैदानांवर खेळू लागला. १९८१ मध्ये तो खालच्या विभागात घसरला. देशातील पाच मोठ्या क्लबांपैकी ही पाळी प्रथम त्याच्यावर आली. परंतु १९८२ च्या त्या खालच्या विभागातील सामन्यांना जी गर्दी लोटली, ती वरच्या विभागातील अनेक क्लबांच्याही नशिबी नव्हती. ते हुकूमशाहीचे अखेरचे पर्व होते आणि हजारो माणसांनी एकत्र येऊन मोठ्याने ओरडण्यास परवानगी असलेल्या जागा थोड्या होत्या. १९९३ च्या डिसेंबरात बाखो फ्लोरेस भागात क्लबचे नवे स्टेडियम उघडले. शेजारी मोठी झोपडपट्टी आहे, म्हणजे ज्यांना काच्चियातोरे यांनी हुसकावले होते त्यांच्याच जातकुळीच्या माणसांची वस्ती. बेघर झालेला क्लब बेघरांच्या शेजारी जाऊन बसला. पण चाहते त्याला घर म्हणेनात. दुकानाच्या गाड्या उभ्या करावयाच्या जागेवरून जाताना म्हातारे नातवाला दाखवीत, येथे अमुक दरवाजा होता, येथे मी उभा राहत असे. कित्येकांनी त्या दुकानाची पायरी चढावयाची नाही असे ठरविले.

येथवरची गोष्ट जगात शेकडो ठिकाणी घडली आहे आणि येथेच संपली आहे. लंडनमधील आर्सेनलचे हायबरी मैदान घ्या. २००६ मध्ये तेथील खेळ थांबला. इमारतीचा काही भाग वारसा म्हणून संरक्षित होता, तो राहिला; खेळपट्टीच्या जागी बाग झाली आणि भोवती सदनिका. तेथील चाहत्यांचे प्रेम बोएदोच्या चाहत्यांपेक्षा कमी होते असे मी म्हणणार नाही. परंतु आर्सेनल ही कंपनी होती. चाहत्याजवळ आठवण होती, मत नव्हते. त्याची आठवण इमारतीच्या जाहिरातीत कामी आली.

बोएदोत चाहता सभासद होता. आदोल्फो रेस आणि त्यांच्यासारख्या काही चाहत्यांनी कागदपत्रे, छायाचित्रे, जुन्या माणसांच्या साक्षी गोळा करीत हा विषय वर्षानुवर्षे जिवंत ठेविला. प्रारंभी त्यांना वेड्यांत काढले गेले, क्लबच्या पदाधिकाऱ्यांकडूनही. मग आठवणीने दाव्याचे रूप घेतले. दावा असा, की ही विक्री साधी विक्री नव्हती, बंदुकीच्या छायेत झालेली सही होती, आणि लोकशाहीने हुकूमशाहीच्या इतर कृत्यांप्रमाणे हेही तपासावे. ८ मार्च २०१२ रोजी प्लासा दे मायो या चौकात, जेथे नाहीशा झालेल्यांच्या माता दर गुरुवारी फेऱ्या घालीत आल्या, तेथे हे चाहते जमले. संघटकांच्या म्हणण्याप्रमाणे लाखभर माणसे होती. त्यांतील फार मोठ्या संख्येने १९७९ नंतर जन्मलेले होते. ज्यांनी ती लाकडी पायरी कधी पाहिली नाही, ते तिच्यासाठी रस्त्यावर आले.

१५ नोव्हेंबर २०१२ रोजी शहराच्या विधिमंडळाने ‘ऐतिहासिक पुनर्स्थापने’चा कायदा एकमताने संमत केला. कंपनी व क्लब यांनी मुदतीत करार करावा. न झाल्यास जमीन संपादित व्हावी. पैसा मात्र क्लबनेच उभा करावा, सरकारी तिजोरीतून नव्हे. मग चाहत्यांनी चौरस मीटरच्या हिशेबाने वर्गणी भरली. कोणी स्वतःच्या नावे मीटर घेतला, कोणी वारलेल्या बापाच्या नावे. पुढे करार झाला, कंपनीला त्या परिसरात लहान दुकान ठेवता येईल अशी तडजोड झाली, आणि १ जुलै २०१९ रोजी जमिनीचा ताबा क्लबकडे आला.

कार्यकर्त्यांपुढे बोलताना केवळ विजयाचे ढोल बडविणे बरे नव्हे. ज्यांचे हिरावले गेले त्यांनीच पुन्हा पैसे मोजून ते घेतले, मधली वाढ ज्यांनी खाल्ली ते मोकळे राहिले. हा न्याय अर्धाच आहे. वर्गणीही सर्वांना सारखी झेपणारी नव्हती. देशात महागाईने पगाराचे तुकडे होत असताना मीटर घेणे हे प्रत्येक कामगाराच्या आवाक्यातले नव्हे. वस्तीतील काही रहिवाशांना पुन्हा स्टेडियम नको होते, आणि त्यांची तक्रार मी क्षुद्र मानीत नाही. जमीन परत येऊन पाच वर्षे उलटली तरी तेथे स्टेडियम उभे नव्हते आणि क्लब पुन्हा कर्जात रुतला होता. पुढाऱ्यांचा तो जुना रोग जमिनीबरोबर परत आला, असे एखादा कावळा म्हणाला तर त्याला खोडून काढणे मला जमणार नाही.

याच कर्जाकडे बोट दाखवून दुसरा उपाय सांगणारेही आले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष मिलेई यांच्या सरकारने काढलेल्या मोठ्या वटहुकमात क्लबांना भागभांडवलाच्या कंपन्या होऊ देण्याची तरतूद होती. तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली गेली आणि फुटबॉल संघटनेनेही विरोध केला. त्या सरकारचे म्हणणे सरळ आहे: सभासदांना संस्था चालविता येत नाही, भांडवल येऊ द्या. हा युक्तिवाद सहकारी साखर कारखान्यांच्या संदर्भात आपणही ऐकला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्याला पोषक पुरावा आपल्याच माणसांनी पुरविला आहे. परंतु १९७९ साली सान लोरेन्सो कंपनी असता, तर जमीन विकण्याचा ठराव भागधारकांच्या बैठकीत दहा मिनिटांत संमत झाला असता, रक्कम वाटली गेली असती, आणि २०१२ साली दावा मांडावयास कोणी उरले नसते. भागधारक आपला भाग विकून मोकळा होतो. सभासदाला विकावयास काही नसते, म्हणून तो मागे राहतो, मुलाला सभासद करतो, आणि तेहेतीस वर्षांनी तो मुलगा चौकात येऊन उभा राहतो.

अध्यक्षांनी मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. कायद्याची कलमे आणि मिलचा मजकूर यांविषयी ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी जरूर विचारावे. सामन्यांविषयी मात्र विचारू नये. पोन्तोनीचा तो गोल कसा झाला, हे मला सांगता येणार नाही.