मडक्याला तोंड असू द्या

मध्यंतरी आमच्या ईश्वरपुरात, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुरात, अभियांत्रिकीच्या दोन मुलांनी स्वतः बनवलेला गेम मला दाखवला. राक्षस, तलवार, मंतरलेला वाडा. माजघरात उतरंड रचलेली, आणि इतकी देखणी, की मडक्यांवर चुलीची काजळीसुद्धा धरलेली! मी म्हटलं, वरचं गाडगं उतरव पाहू. मुलगा म्हणाला, "सर, ते नुसतं चित्र आहे. ती चमकणारी पेटी तेवढी उघडते."

मला फार वाईट वाटलं.

आजीची उतरंड आठवा. वर हळद, मध्ये डाळी, तळाच्या डेऱ्यात जोंधळा. मधलं हवं तर वरची दोन खाली ठेवायची. घाईनं ओढलं की सगळी रास अंगावर. एखाद्यात मुगाखाली पैशांची पुरचुंडी लागायची. कुठं काय आहे ते पाठ व्हायचं, कारण हात घालून पाहिलेलं असायचं. घर असंच कळतं. खेळातलं जगही असंच कळतं. हात लावला की वस्तूनं उत्तर दिलं पाहिजे.

१९९२ सालच्या 'अल्टिमा ७' या गेममध्ये पोत्यातलं पीठ घ्या, बादलीतलं पाणी ओता, कणीक होते. चुलीवर ठेवा, पाव होतो. राज्य वाचवणाऱ्या वीराला पाव भाजता येतो, म्हणून ते राज्य खरं वाटतं. २०१७च्या 'झेल्डा'त लाकडी ढाल आगीपाशी पेटते, आणि विजा कडाडताना अंगावर लोखंडी हत्यार असेल तर वीज तुमच्यावरच पडते. लांब कशाला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२०चा 'राजी' घ्या. भिंतीवरच्या चित्रापाशी नायिका राजी गेली की त्यातली देवांची कथा ऐकू येते. मंडलाची कडी फिरवून चित्र जुळवलं की वाट मोकळी होते. तिथली भिंतसुद्धा मुकी नाही!

मुलं म्हणतात, प्रत्येक वस्तूत जीव ओतायला वेळ कुठला? मग पन्नास मडकी काढू नका ना, पाच काढा. आणि उत्तर म्हणजे उघडणंच असं नाही. कुंभाराकडं मडकं घेताना आपण टिचकी मारतोच की नाही? भरला डेरा जागचा हलू नये, पण आवाज भरीव यावा. रिकामा पोकळ वाजावा. तेवढ्यानंही खेळणाऱ्याला कळतं, की इथं कुणीतरी राहत होतं. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: हात लावला की उत्तर.

जात्याबद्दल बोलायचं होतं, खुंटा फिरला तर पीठ पडलंच पाहिजे, आणि कुलपं तर... पण वेळ संपत आली. ती दोन मुलं ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगतो. बाळांनो, नवा राक्षस पुढच्या महिन्यात करा. आधी ते वरचं गाडगं उतरवून दाखवा.