त्वचेच्या अर्बुदांवरील प्रकाशोपचार आणि उष्णतेचा प्रश्न

(भाषणाचा मजकूर)



शाळेतील मुले बहिर्गोल भिंगातून ऊन कागदावर एकवटतात आणि कागद पेटतो. तेच ऊन झाडाच्या पानावर पडते तेव्हा पान जळत नाही, उलट त्यात अन्न तयार होते. प्रकाशाची ही दोन भिन्न कार्ये होत. एक तापविण्याचे आणि दुसरे रासायनिक बदल घडविण्याचे. त्वचेच्या अर्बुदांवर प्रकाशाने जो उपचार करतात, तो दुसऱ्या कार्यावर विसंबून असतो. पहिल्या कार्यास आवर घालणे हे मात्र चिकित्सकाच्या दक्षतेचे काम आहे.

डेन्मार्कमधील डॉ. नील्स फिन्सेन यांनी हा भेद ओळखला होता. त्वचेच्या क्षयावर ते कार्बन-दीपाचा प्रखर प्रकाश सोडीत. परंतु त्यातील उष्ण किरण पाण्याच्या थरात आधी शोषून घेत आणि त्वचेवर दाबून धरलेले स्फटिकाचे भिंग वाहत्या पाण्याने थंड ठेवीत. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी म्यूनिच येथे टॅपायनर व येसिओनेक यांनी त्वचेच्या अर्बुदांवर इओसिन हे रंगद्रव्य लावून प्रकाशाचा प्रयोग केला. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथील थॉमस डॉहर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १११ गाठी पूर्णतः वा अंशतः विरल्या होत्या.

आज उथळ अर्बुदांवर बहुधा मलम लावतात. काही तासांत रोगग्रस्त पेशींमध्ये प्रकाशग्राही द्रव्य साठते. मग त्यावर तांबडा प्रकाश सोडला की पेशींतील प्राणवायू अतिक्रियाशील बनून त्या पेशींचा नाश करतो. येथे मारणारी वस्तू उष्णता नव्हे. तथापि शोषलेल्या प्रकाशाचा काही अंश उष्णतेत रूपांतरित होतोच. ऊतींचे तापमान सुमारे ४२ ते ४३ अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिले, तर केवळ उष्णतेनेही पेशी मरू लागतात आणि मग रोगी पेशी व निरोगी पेशी असा भेद उरत नाही.

घाई या ठिकाणी घातक ठरते. समजा, दर चौरस सेंटिमीटरला ३७ जूल प्रकाश द्यावयाचा आहे. १०० मिलिवॅटच्या दराने त्यास सुमारे ६ मिनिटे लागतात. दर दसपट केल्यास काम ३७ सेकंदांत उरकेल. परंतु त्वचेतील रक्तप्रवाहास ती उष्णता वाहून नेण्यास अवसर मिळणार नाही. शिवाय पेशींतील प्राणवायू झपाट्याने खर्ची पडून मूळ उपचारच दुबळा होईल. म्हणून प्रकाशाचा दर सामान्यतः १५० ते २०० मिलिवॅटच्या आत ठेवतात.

उष्णता सर्वस्वी शत्रूच आहे असेही नव्हे. १९८० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत, प्रकाशामागून मोजकी उष्णता दिल्यास अर्बुदनाश वाढतो असे दिसून आले. उष्णता मोजूनमापून दिली तर ती साहाय्यक ठरते. नकळत वाढली तर अपाय करते.

रुग्णास मात्र उपचार चालू असता आग झाल्यासारखे वाटते. ही वेदना पहिल्या काही मिनिटांत तीव्र असते आणि ती बरीचशी रासायनिक क्रियेमुळे मज्जातंतूंस होते. त्वचा भाजत आहे असा तिचा अर्थ नसतो. पंख्याचा वारा वा थंड पाण्याचे फवारे यांनी ती सुसह्य होते. हे आधी समजावून सांगितले नाही, तर भयभीत रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतो व रोग शिल्लक राहतो.

ही पद्धती उथळ अर्बुदांसाठीच आहे. खोल गेलेल्या वा काळ्या तिळातून उद्भवणाऱ्या कर्करोगास ती पुरत नाही. आपल्या खेड्यांत चामखिळीवर वा व्रणावर बिब्बा लावण्याची आणि डाग देण्याची चाल आहे. त्याने वरची त्वचा जळते, खालचा रोग झाकला जातो आणि निदानास विलंब होतो. काही आठवडे न भरणारा व्रण, रक्त येणारी गाठ किंवा आकार व रंग बदलणारा तीळ दिसताच रुग्णास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्यावे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी एवढी एक गोष्ट घरोघरी पोहोचविली, तरी अनेकांचा रोग उथळ असतानाच हाती लागेल.