वाड्यातले भूत आणि वाचकाची निराशा

पावसाळी रात्र, वाटेत बंद पडलेली मोटार, दूरवर मिणमिणणारा दिवा आणि त्या दिव्याच्या रोखाने गेल्यावर लागणारा एक जुना वाडा. दार उघडावयास म्हातारा गडी येतो. पाहुण्याला माडीवरची खोली मिळते. मध्यरात्री पैंजण वाजतात, झोपाळ्याच्या कड्या करकरतात, आणि सकाळी गावच्या चहाच्या दुकानात त्या पाहुण्याला कळते की, तो गडी वारून तर बारा वर्षे झाली! येथे गोष्ट संपते. आपल्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या वाचकाला ती इतकी परिचयाची आहे की, गडी कंदील घेऊन पुढे येताच तो बिचाऱ्याच्या मृत्यूची वर्षे मनाशी मोजू लागतो.

अशी गोष्ट वाचून मन खट्टू का होते? भुतांवर विश्वास नाही म्हणून, हे उत्तर खरे नव्हे. परीवर विश्वास नसूनही परीकथा गोड लागते. निराशेचे मूळ निराळेच आहे, आणि ते या कथाप्रकाराइतकेच जुने आहे. होरेस वॉल्पोल याने 1764 साली एका झपाटलेल्या किल्ल्याची कादंबरी लिहिली आणि युरोपात ही परंपरा रूढ झाली. पुढे 1794 मध्ये ॲन रॅडक्लिफबाईंनी 'उडोल्फोची रहस्ये' या कादंबरीत नायिकेला एका काळ्या पडद्यापाशी नेले. ती पडदा उचलते आणि मूर्च्छित पडते. पडद्याआड काय होते, हे कळावयास वाचकाला शेकडो पाने वाट पाहावी लागते. आणि शेवटी समजते काय, तर तो एक मेणाचा पुतळा होता! सावकाराने मोठ्या रकमेची हुंडी लिहून द्यावी आणि मुदतीच्या दिवशी हातावर दोन पैसे ठेवावेत, तसा हा प्रकार. जेन ऑस्टिनने 'नॉर्थअँगर ॲबी'मध्ये त्याची मनमुराद थट्टा केली. तिच्या नायिकेला जुन्या कपाटात मोठ्या उत्कंठेने सापडलेले हस्तलिखित म्हणजे धोब्याच्या हिशेबाची कागदे निघतात.

परंतु निराशा आणि निराशा यांतही अंतर आहे. रवींद्रनाथ ठाकुरांची 1895 सालची 'क्षुधित पाषाण' ही कथा पाहावी. तरुण रवींद्रनाथ 1878 मध्ये अहमदाबादेस आपल्या वडील बंधूंकडे, सत्येंद्रनाथांकडे, राहिले होते. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते आणि त्यांचे बिऱ्हाड शाहीबागेतल्या मोगलकालीन महालात होते. साबरमतीकाठच्या त्या रिकाम्या दालनांतून ही कथा उगवली. आज तेथे सरदार पटेलांचे स्मारक आहे.

कथेचा नायक कोण, तर कापसावरील कर वसूल करणारा एक सरकारी अधिकारी. दिवसा तो फायली पाहतो. संध्याकाळ झाली की ओसाड महाल त्याला गिळू लागतो. न दिसणारी पावले नदीच्या घाटाकडे धावतात, अत्तराचा वास येतो, आणि हा हिशेबी मनुष्य जुन्या काळचा पोशाख चढवून कोणा इराणी तरुणीच्या मागे दालनांतून फिरू लागतो. पहाटे महालाभोवती वेडा मेहेर अली ओरडत फिरतो; सारे खोटे आहे, दूर राहा, असे तो बजावतो. अखेर कचेरीतला वृद्ध करीमखान त्या इराणी दासीची हकीकत सांगावयास सरसावतो. आता उलगडा होणार, तोच स्टेशनात गाडी येते! हे सारे सांगणारा गृहस्थ ओळखीच्या साहेबाबरोबर पहिल्या वर्गाच्या डब्यात चढून जातो, आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसावे लागते.

वाचक येथेही रागावतोच. पण या रागात फसवणुकीची भावना नसते. दासीची कहाणी कळली नाही तरी त्या दगडांना भूक का लागली, हे त्याला कळलेले असते: अतृप्त वासनांचा आणि शापांचा दाह त्या भिंतींनी शोषून घेतला आहे. देणे कसले आहे, हे लेखकाने सांगितले. ते फिटले की नाही, एवढेच सांगितले नाही.

मराठी लोकमनाला हे मर्म पूर्वीपासून ठाऊक आहे. आपला मुंजा पिंपळावर बसतो तो उगाच नव्हे. मुंजीनंतर, सोडमुंज होण्यापूर्वीच, त्याचे आयुष्य खुडले गेलेले असते. समंध पुरलेल्या धनावर बसतो, कारण जीव त्यात अडकलेला असतो. प्रत्येक भुताच्या नावे एक खाते आहे. निराश करणारी कथा भूत तेवढे उचलते आणि खाते विसरते. नारायण धारपांनी मराठी भयकथेला भरघोस वाचकवर्ग मिळवून दिला. तथापि त्यांचे 'समर्थ' संकट निवारावयास आले की वाड्याचा दरारा ओसरतो, हेही म्हटले पाहिजे. रत्नाकर मतकरींचा कल निराळा. त्यांनी भय वाड्यापेक्षा माणसाच्या मनात अधिक शोधले.

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भनपुरी ही कारखान्यांची वस्ती आहे. तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाला चौसोपी वाडा कोठून भेटणार? तरीही भय तेथे आहेच. आपली आषाढी अमावास्या म्हणजे छत्तीसगडची हरेली. त्या संध्याकाळी मराठी घरांत समया घासून दिवे पूजले जातात. त्याच दिवशी छत्तीसगडी घरांच्या दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात. रात्री टोनही फिरते, असा समज. ही टोनही वाड्यात राहत नाही. ती शेजारच्या घरात राहते, असे मानले जाते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, आणि कित्येकदा तिच्या नावे थोडी जमीन असते. अशा स्त्रियांचा इतका छळ झाला की छत्तीसगडला 2005 साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013 मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला.

खाते येथेही आहे, फक्त त्याच्या बाजू उलटल्या आहेत: देणेकरी जिवंत आहेत आणि भूत ठरते ती घेणेकरीण. भनपुरीच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात बसून भयकथा लिहू पाहणाऱ्याने कंदील आणि पैंजण खुशाल मागे ठेवावेत. हरेलीच्या रात्री एका दारावर डहाळी नाही, एवढे गल्लीच्या ध्यानात येते. आत एक बाई दिवा लावून जागी बसलेली आहे, आणि बाहेर पावले थांबली आहेत.