कर्जावरचे मालक आणि गहाण पडलेले संघ



अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आपली मुलं ज्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडतात तो मुंबई सिटी, पुण्यात पाच हंगाम खेळून नाहीसा झालेला एफसी पुणे सिटी आणि पुण्याच्या एका उद्योगसमूहाने थेट इंग्लंडमध्ये विकत घेतलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स, या तिन्ही क्लबांच्या नशिबात मैदानाइतकाच हिशेबाच्या वह्यांचाही हात आहे. आज मी त्या वह्यांबद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की, संघ बांधायला सलग वेळ लागतो आणि कर्जावर उभा असलेला मालक सगळ्यात आधी हा वेळच गहाण टाकतो.

वेळ का लागतो? एक कॉर्नर किक डोळ्यांसमोर आणा. चेंडू हवेत असताना उडी कोणी मारायची, मागे कोणी थांबायचं, गोलकीपरने केव्हा पुढे यायचं, हे त्या क्षणी ठरवता येत नाही. दोन-तीन हंगाम एकत्र खेळल्यावर ते अंगात मुरतं. अकादमीत आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या संघात यायला सहा-सात वर्षं जातात. प्रशिक्षक बदलला की खेळण्याची पद्धत बदलते आणि निम्मी मेहनत वाया जाते. म्हणजे संघाचं घड्याळ वर्षांवर चालतं आणि कर्जाचं घड्याळ हप्त्याच्या तारखेवर. दोन्ही एकाच क्लबात लावली, तर ऐकावं लागतं ते हप्त्याच्या घड्याळाचं.

कर्ज क्लबात तीन वाटांनी शिरतं. पहिली वाट मँचेस्टर युनायटेडची. 2005 मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांना हा क्लब घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि 50 कोटी पौंडांहून अधिक कर्ज अखेर क्लबच्याच खात्यावर आलं. आपण सोसायटीत फ्लॅट घ्यावा आणि त्याचा हप्ता सगळ्या सभासदांच्या मेंटेनन्समधून वळता करावा, तसा हा व्यवहार. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. त्यानंतरच्या आठ वर्षांत युनायटेडने पाच वेळा प्रीमियर लीग जिंकली, मग कर्जाने काय बिघडलं? तर ॲलेक्स फर्ग्युसन नावाचा माणूस 1986 पासून तिथे प्रशिक्षक होता. त्याने बांधून ठेवलेल्या घडीवर ही विजेतेपदं आली. 2009 मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो 8 कोटी पौंडांना गेला आणि पुढच्याच जानेवारीत क्लबला जुनं कर्ज फेडण्यासाठी 50 कोटींचे रोखे काढावे लागले. 2013 मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले. त्यानंतर आजपर्यंत ती लीग पुन्हा जिंकता आलेली नाही. यामागे चुकीची खरेदी आहे, वारंवार बदललेले प्रशिक्षकही आहेत. पण ज्या वर्षांत पुढची घडी बसवायची, त्या वर्षांत क्लबचा पैसा व्याजात जात होता, हे नाकारता येत नाही. कर्ज संघाला लगेच बुडवत नाही, म्हणून तर ते फसवं असतं.

दुसरी वाट लीड्स युनायटेडची. 2001 मध्ये हा संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. यश असंच येत राहणार असं धरून क्लबने पुढच्या पंचवीस वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर 6 कोटी पौंड उचलले. त्यानंतर संघ चॅम्पियन्स लीगमध्ये पोहोचला नाही आणि गणित कोसळलं. बचावपटू रिओ फर्डिनंड विकला गेला, मग एकेक करून बाकीचे गेले. 2004 मध्ये लीड्स खालच्या श्रेणीत घसरला. त्याच वर्षी मैदान विकलं, सरावाची जागाही विकली. पुन्हा वरच्या श्रेणीत यायला सोळा वर्षं लागली.

तिसरी वाट आपल्याला सगळ्यात जवळची. इथे क्लबच्या खरेदीचा बोजा आणि तिकिटांचं तारण दोन्ही नसतं. क्लब मालकाच्या उसन्या पैशावर चालतो, किंवा मालकाची स्वतःची श्रीमंतीच कर्जावर उभी असते.

आधी ब्लॅकबर्न. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘वेंकीज’ने, 2.3 कोटी पौंडांना हा क्लब घेतला आणि जुनं कर्जही अंगावर घेतलं. 1995 चा प्रीमियर लीग विजेता हा संघ. महिनाभराच्या आत प्रशिक्षक सॅम ॲलरडाईस यांना काढलं. अकादमीत घडलेला बचावपटू फिल जोन्स 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. मे 2012 मध्ये संघ खाली घसरला. पुढच्या एकाच हंगामात हेनिंग बर्ग 57 दिवस आणि मायकेल ॲपलटन 67 दिवस प्रशिक्षक होते. 2017 मध्ये संघ आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या श्रेणीत परतला.

या मालकांनी पैसा दिला नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरला, अकादमीचा अव्वल दर्जा टिकवला. पण बराचसा पैसा क्लबला कर्ज म्हणून मिळाला आणि तो आकडा 10 कोटी पौंडांच्या पुढे गेला. कमाईवर पगार भागत नाहीत, म्हणून क्लब दरवर्षी मालकाच्या हाताकडे पाहतो. अलीकडे तर अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे इथून इंग्लंडला पैसा पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. उत्तर इंग्लंडमधल्या एका गावाच्या संघाला खेळाडू घेता येईल की नाही, हे दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखेवर येऊन ठेपलं.

आता पैसा अडला की कोण विकला जातो, ते पाहा. इथे हिशेबाची एक बारीक खोच आहे. 2 कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू वहीत दरवर्षी 40 लाखांचा खर्च म्हणून दिसतो. दोन वर्षांनी तो 2 कोटींनाच विकला, तरी नफा 80 लाखांचाच, कारण वहीत त्याचे 1 कोटी 20 लाख अजून शिल्लक असतात. अकादमीत वाढलेल्या मुलाची वहीतली किंमत मात्र शून्य. तो विकला की सगळी रक्कम नफा. त्यामुळे अडचणीतला क्लब सगळ्यात आधी घरचं पोर विकतो. ॲडम व्हॉर्टन ब्लॅकबर्नचाच, सहाव्या वर्षापासून तिथल्याच अकादमीत वाढलेला. फेब्रुवारी 2024 मध्ये तो क्रिस्टल पॅलेसला गेला आणि त्याच जूनमध्ये इंग्लंडकडून खेळला. ज्याच्याभोवती दहा वर्षांचा संघ उभा राहिला असता, त्याच्या बदल्यात एका वर्षाची तोंडमिळवणी झाली.

आता पुणे सिटी. 2014 साली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा पुण्याचा संघ वाधवान समूहाने घेतला, हृतिक रोशन सहमालक होते. वाधवान म्हणजे डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे प्रवर्तक. आपल्या उपनगरांत आणि पुढे विरारपर्यंत किती घरांची कागदपत्रं या कंपनीकडे असायची, हे मी तुम्हाला सांगायला नको. या कंपनीने गृहकर्जं दिली पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीची, आणि त्यासाठी बाजारातून उचललेल्या पैशातला मोठा भाग त्याहून फार कमी मुदतीचा होता. 2017-18 च्या हंगामात पुणे सिटी उपांत्य फेरीत खेळला, मार्सेलिन्यो आणि अल्फारो यांची जोडी गाजली. संघ बसत आला होता. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था कोलमडल्यावर अशा उसन्या पैशावर चालणाऱ्या कंपन्यांबद्दल शंका उठल्या आणि डीएचएफएलचा शेअर एका दिवसात 40 टक्क्यांहून अधिक घसरला. त्याच महिन्याच्या अखेरीस नवा हंगाम सुरू झाला. त्या हंगामात तीन जणांनी प्रशिक्षकपद सांभाळलं. 2019 च्या जूनमध्ये डीएचएफएलची देणी थकली, ऑगस्टमध्ये पुण्याचा संघ संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. गोव्याचा आदिल खान, मार्सेलिन्यो असे खेळाडू तिकडे गेले. पुण्याचे प्रेक्षक मात्र जागच्या जागी राहिले, संघाविना.

या घटनेत मैदानावरचं कोणीही चुकलं नव्हतं. खेळाडूंनी, प्रशिक्षकांनी, पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकांनी असं काय केलं असतं म्हणजे संघ वाचला असता? काहीच नाही. मला या साऱ्यातली सगळ्यात मोठी खंत हीच वाटते.

मग अंधेरीकडे या. मुंबई सिटीत सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहाने नोव्हेंबर 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेतला. 2020-21 मध्ये साखळीतल्या अव्वल स्थानाची शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही, 2022-23 मध्ये पुन्हा शील्ड, 2023-24 मध्ये पुन्हा करंडक. प्रशिक्षक बदलले तरी खेळाची पद्धत टिकली. सलग वेळ मिळाला की काय घडतं, त्याचा हा पुरावा. 2025 मध्ये लीगचंच भवितव्य टांगणीला लागलं आणि डिसेंबरात समूहाने हिस्सा सोडला. इथे कारण कर्जाचं नव्हतं. पण क्लबचा वेळ दूरच्या कोणाच्या ताळेबंदावर अवलंबून असला की तो कधीही संपू शकतो, हे अंधेरीनेही पाहिलं.

यावर उपाय आहे का? जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त असावं लागतं. तेवढ्याने सगळं साधत नाही. बोरुसिया डॉर्टमुंड या नियमाखालीच 2005 मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेला होता. पण क्लब तिथेच राहिला, तरुण पोरांवर विसंबला, 2008 मध्ये प्रशिक्षक म्हणून युर्गेन क्लॉपना आणून त्यांना वेळ दिला, आणि 2011 व 2012 मध्ये लीग जिंकला. क्लबवर संकट येणारच. त्यात क्लब जागेवर टिकावा एवढी सोय आपल्याला करता येते.

आपल्या हातात ती सोय आहे, कारण अंधेरीचं संकुल महापालिकेचं आहे. मुलुंडचं कालिदास नाट्यगृह चालवणाऱ्या बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानकडेच त्याचा कारभार आहे. मैदान सार्वजनिक असेल, तर ते वापरणाऱ्या क्लबला अटी घालण्याचा हक्क नागरिकांचा आहे. तीन अटी पुरेत. एका हंगामाच्या पगाराइतकी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. लहान मुलांचे संघ स्वतंत्र न्यासाकडे असावेत, म्हणजे मालक गेला तरी मुलांचा सराव थांबणार नाही. आणि क्लब विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज क्लबच्या खात्यावर टाकायला मनाई असावी.

घाटकोपर, बोरिवलीच्या मैदानांवर सकाळी सहाला येणाऱ्या मुलांचे आई-वडील या सभागृहात आहेत. तुमच्या मुलाला एखाद्या क्लबने निवडलं, तर अभिनंदन स्वीकारण्याआधी विचारा, पैसा कोणाचा आहे आणि तो परत कधी करायचा आहे? नवा मालक आला की त्याच्या संपत्तीच्या आकड्याला टाळ्या मिळतात. टाळ्या वाजवण्याआधी हा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेतली, तर क्लब निवडताना आपली फसगत कमी होईल आणि आपल्या मुलांचे संघ उभे राहायला लागणारी वर्षं त्यांना मिळतील.