छातीपट्टा: जाड चामडं हातानं कापण्याविषयी

माझ्या हातात हा जो चामड्याचा पट्टा दिसतोय, तो साधारण पाच मिलिमीटर जाड आहे. आज सकाळी मीच कापलाय, यंत्राशिवाय. निवृत्तीनंतर आमचे बरेच साथीदार गोल्फ खेळतात. मी मागच्या व्हरांड्यात चामडं कापत बसतो. घरच्यांनी वासाबद्दल तक्रार करणं आता सोडून दिलंय. हा नाद कुठून लागला ते आधी सांगतो, नाहीतर पुढची सगळी नुसती हत्यारांची यादी होईल.

मी तेव्हा कॅप्टन होतो, हिमालयात, खेचरांच्या एका तुकडीबरोबर. मोटाररस्ता संपला की वरच्या चौक्यांचं रॉकेल, पीठ, दारूगोळा सगळं खेचरांच्या पाठीवरून जायचं. खेचराच्या खोगिराला पुढून एक छातीपट्टा असतो. चढावर खोगीर मागे घसरू नये, एवढंच त्याचं काम. एका संध्याकाळी असा एक पट्टा तुटला आणि आमचा सॅडलर नेमका रजेवर. मी म्हटलं, पट्टाच तर कापायचाय! स्टोअरमध्ये अर्धं कातडं पडलेलं होतं. मधला चांगला भाग वाचवावा म्हणून मी कडेनं, पोटाकडच्या बाजूनं पट्टी काढली. सुरी बोथट होती, म्हणून जोर लावला. दोनदा घसरली आणि पट्ट्याच्या काठावर एक खाच पडली. बकल शिवून घेतलं आणि, खरं सांगतो, स्वतःवर खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी चढावर तो पट्टा ताणत ताणत गेला आणि खाचेपाशी फाटला. खोगीर मागे सरकलं, खेचर मागच्या पायांवर बसलं आणि ओझ्यासकट वाटेखाली घसरलं. त्याला धरून ठेवणाऱ्या जवानाचे दोन्ही तळहात दोरानं सोलून निघाले. खेचर वाचलं, पण त्या मोसमात पुन्हा वर चढलं नाही. रिपोर्टमध्ये कारणासमोर मी माझंच नाव लिहिलं.

सॅडलर परत आला. माणूस कानपूरचा. इंग्रजांच्या काळापासून सैन्याचं खोगीरकाम त्या शहरात होत आलंय. आज कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही आहे. त्यानं फाटका पट्टा उलटसुलट पाहिला आणि एवढंच म्हणाला, "साब, ज़ोर मत लगाइए, धार लगाइए." मग सुरी बाजूला ठेवून त्यानं मला आधी कातडं वाचायला शिकवलं.

कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि पुठ्ठ्यावर तंतू घट्ट विणलेले असतात. पोटाकडे ते सैल असतात; तिथला तुकडा दोन हातांनी ओढून बघा, रबरासारखा येतो. म्हणून भार घेणारा पट्टा पाठीतून काढायचा, आणि तोही कण्याला समांतर. मी वाचवलेला भाग नेमका वापरायचा भाग होता.

आता धार. कॅमेरा जरा खाली घ्या. ही रापी. आपल्याकडे चप्पल करणारे कारागीर वापरतात तीच, रुंद पात्याची. आणि ही अर्धचंद्राच्या आकाराची सुरी, खोगीरकामातली. हिची मूठ मुठीत धरून, पातं किंचित डोलवत पुढे ढकलायचं. घरी सुरुवात करायला साधा कागद कापायचा कटरही चालतो, पण पातं जाड घ्या आणि सारखं बदला. धारेच्या दगडावर घासून झालं की पातं चामड्याच्या पट्टीवर, धार मागे राहील अशा दिशेनं, ओढायचं. मी दर आठ-दहा कापांनंतर ओढतो. आळस केला की हात आपोआप जोर लावायला लागतो, आणि जोर लावलेली सुरी कुठे जाईल सांगता येत नाही.

खुणा गुळगुळीत बाजूवर, बोथट टोकानं. शाई वर्षानुवर्षं राहते. खाली लाकडी फळी. काचेवर किंवा फरशीवर कापलंत तर धार एका कापात गेली. लोखंडी पट्टी घट्ट दाबा, बोटं पात्याच्या वाटेत नकोत. पहिला काप हलका, फक्त रेघ उमटवण्यापुरता. दुसरा त्याच रेघेत. पाच मिलिमीटरला मला तीन-चार फेऱ्या लागतात. पातं सरळ उभं हवं. कललं तर वरून पट्टा बरोबर दिसतो आणि खालून अरुंद निघतो. तो दोष बकलात घालेपर्यंत कळत नाही.

वळण आलं की सुरी वळवू नका, चामडं फिरवा. आतला कोपरा असेल तर आधी तिथे पंचनं गोल भोक पाडा आणि काप त्या भोकात आणून संपवा. टोकदार कोपरा म्हणजे पुढची फाट, हे मी खेचराकडून शिकलोय.

बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं फार कडक असेल तर काहीजण ओलं करून कापतात. कापायला सोपं जातं, हे खरं. पण ओलं चामडं ताणलं जातं आणि सुकल्यावर माप बदलतं. मी फक्त ओलसर स्पंज फिरवतो, तोही वळणांपुरता. लांब पट्टा कोराच कापतो.

पोटाकडचे तुकडे मात्र टाकू नका. हा बघा, लाकडी फळीवर चिकटवलाय, धार ओढायला हाच वापरतो. चला, आता दुसरा पट्टा तुमच्यासमोर कापतो. पहिली फेरी हलकी.