नवशिक्याचा भोपळा

परीक्षेत भोपळा मिळाला तर पोराला तोंड लपवावे लागते. पण उन्हाळ्यात विहिरीवर जाताना तोच भोपळा पाठीला बांधलेला असला, की आई निर्धास्त राहते. आपल्या विदर्भात पोहायला शिकायचे ते वाळल्या भोपळ्यावर, पांगाऱ्याच्या ओंडक्यावर, नाही तर तेलाच्या रिकाम्या डब्यावर. पुढे ट्यूब आली. यातले चांगले कोणते, असे गुरुजी मंडळी विचारतात. मी म्हणतो, तरंगतात तर सगळीच. दगा कसा देतात, ते आधी पाहा.

मी दहा वर्षांचा असताना मामाजींनी डबा बांधून मला विहिरीत सोडले. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी मधोमध पाठीमागे बुडबुड ऐकू आली. डब्याच्या सांध्याचा डाख गंजून सुटला होता. वरून रंग दिलेला, म्हणून कोणाला दिसले नाही. मामाजी दोर धरून काठावरच बसले होते, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पोकळी पाण्यात सुमारे एक किलो भार उचलते. डोके पाण्यावर ठेवायला मोठ्या माणसालाही चार-पाच किलोंचा आधार पुरतो. म्हणजे पंधरा लिटरचा डबा गरजेहून किती तरी जास्त. पण एक भोक पडले, की सगळाच आधार गेला. ट्यूबचे तेच. उन्हाने रबर तडकते आणि ते पाण्यातच कळते. भोपळ्याला कीड आतून पोखरते. पांगारा मात्र गरीब बिचारा! हळूहळू पाणी पितो, दिवसागणिक जड होतो, आणि आपल्याला सावध करतो. माझे मत पांगाऱ्याच्या बाजूने आहे.

गोव्याच्या समुद्रावर शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याने जायचा खेळ चालतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत तो आकाराला आला. त्यातही नवशिक्याला हलकी, चपळ फळी देत नाहीत. रुंद, जाड प्लॅस्टिकची, आत फोम भरलेली देतात. आपटली, चरा पडला, तरी लगेच बुडत नाही. पडलात तर फळी सोडू नका, हा तिथला पहिला धडा. पांगाऱ्याचीच अक्कल ती, बरे का!

२०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली, ते आपल्याला आठवत असेल. जीवरक्षक जाकीट नावेत ठेवायचे नसते, अंगात घालून पट्टे आवळायचे असतात. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत आले, तर ते मुलाच्या मापाचे नाही.

गुरुजी, वर्गातच करता येईल असे एक काम सांगतो. हौदात डबा पूर्ण दाबून धरा. बुडबुडे आले, तर तो भंगारात. ओंडक्याला आठ किलोंचा दगड टांगून तासभर सोडा. आधार बांधायचा तो काखेच्या खाली, छातीच्या उंचीवर. कमरेला बांधला तर कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जाते. नायलॉनची गाठ ओली झाली की घसरते, सुती दोर घट्ट बसतो. पण तो ओलाच गुंडाळून ठेवला, तर पुढल्या वर्षी कुजलेला निघतो.

आणि डबा वर्षभर आढ्याला टांगा. आमच्या मामीने एकदा तो फोडून त्यात तुरीची डाळ भरली होती.